दूध उतू जायच्या आत

चपला मोजायची पद्धत आमच्या मोठ्या सरांची. मोठे सर म्हणजे आमच्या आश्रमशाळेचे मुख्याध्यापक. शाळा सुरगाण्याच्या डोंगरात, मुलं आसपासच्या पाड्यांवरची, शाळेतच राहणारी. प्रार्थनेला, जेवायला, अभ्यासाला बसली की एक जागेवर टिकेल तर शपथ. मोजायला गेलं की कुणी पाणी प्यायला उठायचं, कुणी शेजाऱ्याला चिमटा काढून खांबामागे लपायचं, आणि आकडा दर वेळी वेगळा. मोठे सर सरळ दारात जायचे, ओळीनं काढून ठेवलेल्या चपला मोजायचे आणि मोकळे व्हायचे. "मुलं हलतात बाई, चपला हलत नाहीत," असं त्यांनी मला रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला ही युक्ती फार आवडली. मी नाशिक शहरात वाढलेली, सत्तावीस वर्षांची, अंगात रग आणि राग कायम नाकावर. कमी त्रासात काम होतंय म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतेय!

सत्त्याण्णव नाहीतर अठ्ठ्याण्णव साल असेल. संक्रांतीला मी माहेरी नाशिकला गेले होते, तेव्हा भाच्यांना घेऊन एक सिनेमा पाहिला. परदेशातला, हिंदीत केलेला, सगळ्या घरानं मिळून बघायचा. त्यात दहा वर्षांची एक मुलगी असते. तिच्या स्वयंपाकघरात आजोबांच्या वेळचं मोठं घड्याळ असतं. आई गॅसवर दूध ठेवून बाहेर जाते, मुलगी खुर्चीवर चढून घड्याळाचे काटे उलटे फिरवते आणि धाडकन जाऊन पडते ती शेकडो वर्षांपूर्वीच्या राज्यात. दगडी किल्ला, लोखंडी चिलखत घातलेले घोडेस्वार, म्हातारा राजा, त्याचा पळवून नेलेला राजपुत्र. मुलीच्या खिशात बॅटरी असते. ती पेटवल्यावर तिला चेटकीण म्हणून कोठडीत टाकतात. मग सुटका, लढाई, राजपुत्राचा शोध, सगळं. वर्षभर राहते ती तिथं. आणि परत येते तेव्हा गॅसवरचं दूध नुकतं वर यायला लागलेलं असतं.

भाचे शिट्ट्या मारत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमची पोरं. त्यातल्या कितीतरी जणांनी सिनेमाचा पडदा जन्मात पाहिला नव्हता. मी मोठ्या सरांच्या मागे भुंग्यासारखी लागले. शाळांसाठी सकाळचा खास खेळ असतो, तिकीट नावापुरतं, गाडीचं बघू. "जबाबदारी कोण घेणार?" त्यांनी विचारलं. "मी," मी म्हटलं. पटकन म्हटलं.

पोरांना हिंदी फारसं कळत नव्हतं. म्हणून जायच्या आदल्या दिवशी तिसरी-चौथीच्या मुलांना बसवून मी अख्खी गोष्ट सांगितली. हातवारे करून, घोड्यांचे आवाज काढून. सगळी आ वासून ऐकत होती. तिसरीतली एक मुलगी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी, गोष्ट संपल्यावर उभी राहिली.

"बाई, ती परत आल्यावर तिची आय मारते का तिला?"

"अगं कशाला मारेल? आईला कळतच नाही ती गेली होती ते."

"पण वरीसभर गेली ना?"

"तिकडं वर्ष. इकडं एवढुसं." मी चिमूट दाखवली. "दूध उतू जायच्या आत परत. कुणाला पत्तासुद्धा नाही."

ती खाली बसली. मी पुढच्या पोराच्या प्रश्नाकडे वळले, तो राजाला दाढी किती होती ते विचारत होता.

या मुलीबद्दल आत्ताच सांगून ठेवते. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. आई दिवाळीनंतर भात-नागलीचं आवरून कामाला बाहेर पडली होती, आमच्याकडची निम्मी माणसं पडतात तशी. संक्रांतीला येते म्हणाली होती. संक्रांत झाली, ती आली नाही. ती नाशकात आहे एवढंच पाड्यावरच्यांना ठाऊक होतं, कुठं ते नाही. पोरगी रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन जीप बघायची. मी तिला दोनदा तिथून कान धरून आणली होती.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी आम्ही उजाडता उजाडता निघालो. अडतीस मुलं, मी आणि खेळाचे सर. घाटात सहाजणांना उलट्या झाल्या, त्या आवरता आवरता माझा जीव मेटाकुटीला आला. नाशकात शिरेपर्यंत नऊ वाजत आले होते आणि साडेनऊला खेळ. ड्रायव्हर म्हणाला, गावातून नको, हायवेनं जाऊ. आणि द्वारकेच्या चौकात आम्ही जे अडकलो ते अडकलोच. पुढे ट्रक, मागे ट्रक, सगळीकडून हॉर्न.

रस्त्याच्या कडेला रोजच्यासारखा मजुरांचा अड्डा भरला होता. घमेली, फावडी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले बाप्ये, कंबरेला पदर खोचलेल्या बाया, काम मिळायची वाट बघत उभ्या. मी घड्याळ बघत होते. तेवढ्यात मागच्या खिडकीतून अशी किंकाळी आली की ड्रायव्हरनंही वळून बघितलं.

"आय! ए आय! आऽऽय!"

तीच पोरगी. सीटवर उभी राहून अर्धी खिडकीबाहेर. मी धावत गेले आणि तिला दंडाला धरून आत ओढली.

"मरायचंय का तुला? ट्रक जातायत बाजूनं!"

"बाई, माझी आय हाय! ती बघा, हिरवं लुगडं! बाई, माझी आय हाय ती!"

मी बघितलं. खरंच सांगते, मी बघितलं. पण हिरवी लुगडी दहा होती, आणि सगळ्या पाठमोऱ्या. "तुझी आई इथं कशाला येईल? अशा शंभर बाया आहेत इथं. बस खाली."

"बाई, तीच हाय वो."

"खाली बस म्हटलं ना! आता तोंडातून आवाज आला तर सिनेमा बंद. गाडीत बसवून ठेवीन एकटीला."

ती बसली. गाडी हलली. तिनं मान वळवून बघायचा प्रयत्न केला, मी तिचं डोकं धरून पुढं केलं.

थिएटर तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. आम्ही पोहोचलो तर शहरातल्या शाळांची मुलं बूट-मोजे घालून आत चालली होती. आमच्या पोरांनी हॉलच्या दाराशी लाल जाजम पाहिलं आणि कुणी न सांगता चपला काढल्या. भिंतीशी नीट ओळ लावली. दारावरचा माणूस डाफरला, "ओ मॅडम, हे काय देऊळ आहे का?" शहरातली पोरं फिदीफिदी हसायला लागली. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "असू दे देऊळ! तुमचं काय जातंय? राहू द्या तिथंच." आणि मनात म्हटलं, बरंच झालं, मोजायला सोपं.

त्या मुलीला मी शेवटच्या रांगेत, अगदी दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. शिक्षा म्हणून. सकाळी तमाशा केला ना, बस आता मागे. स्वतः मी पुढच्या रांगेत बसले, कारण लहानांना गोष्ट समजावून सांगायची होती.

दिवे गेले. किल्ल्याचा दरवाजा उघडला तेव्हा आमच्या रांगेतून "अगाऽऽ" असा आवाज निघाला, तो मला अजून ऐकू येतो. घोडे अंगावर आले तशी दोन पोरं खुर्चीखाली घुसली. मी कुजबुजत सांगत होते, हा राजा बरं का, ही त्याची बहीण, ही दुष्ट आहे. मी स्वतःवर भयंकर खूश होते. मागे वळून एकदाही बघितलं नाही.

इंटरव्हलला दिवे लागले आणि एकच गोंधळ. कुणाला मुतायला जायचं, कुणाला पुढच्या शाळेतल्या पोरानं माकड म्हटलं. खेळाचे सर बिस्किटाचे पुडे वाटत होते. मी पोरांमधून वाट काढत दाराशी गेले आणि चपला मोजल्या. छत्तीस, सदतीस, अडतीस. जीव भांड्यात पडला. समोसा घेतला, खाल्ला. सर आले, त्यांच्या हातात एक पुडा होता.

"एक उरला बाई."

"दुकानदारानं जास्त दिला असेल."

"मोजून घेतले होते मी."

"मग कुणी मुतायला गेलं असेल हो. अडतीसच्या अडतीस चपला आहेत बाहेर, आत्ता बघून आले."

सरांनी पुडा खिशात टाकला. चपलांपुढे त्यांचंही काही चालेना. घंटा झाली आणि आम्ही परत राज्यात गेलो.

सिनेमा संपला तेव्हा बारा वाजले होते. दूध वर आलं, मुलीनं गॅस बंद केला, पोरांनी टाळ्या पिटल्या. सगळी डोळे चोळत बाहेर आली आणि आपापल्या चपला शोधून पायात घालायला लागली. भिंतीशी ओळ कमी कमी होत गेली. शेवटी एक जोड राहिला. निळी स्लीपर, उजवीचा पट्टा तुटलेला आणि तांब्याच्या तारेनं बांधलेला. मी उभी राहून बघत राहिले की आता कुणीतरी येईल आणि घालेल.

कुणी आलं नाही.

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि खिशातला पुडा बाहेर काढला. मी हॉलमध्ये धावले. खुर्च्यांखाली वाकून बघितलं, बाथरूमची दारं ठोकली, बाल्कनीत जाऊन आले. शेवटच्या रांगेतल्या तिच्या शेजारच्या पोराला धरून हलवलं. तो रडवेला होऊन म्हणाला, "बाई, ती घोडं यायच्या आधीच गेली. मला वाटलं, पाणी प्यायला."

घोडे म्हणजे अगदी सुरुवात. म्हणजे दोन तास.

मी परत दाराशी आले. आणि मग सकाळची ती हाक आठवली. कुठं गेली असेल ते मला तिथल्या तिथं कळलं, त्याचीच जास्त भीती वाटली. या मुलीनं आमच्या गावच्या रस्त्यापेक्षा मोठा रस्ता कधी ओलांडला नव्हता. तिथं तासाला दोन जीपा यायच्या. आणि ती अनवाणी निघाली होती द्वारकेला, जिथं मुंबईचे, पुण्याचे, धुळ्याचे ट्रक एकमेकांच्या अंगावर येतात, आणि मोठी माणसं देवाचं नाव घेऊन रस्ता ओलांडतात.

"पोरांना गाडीत बसवा आणि गाडी द्वारकेला आणा," सरांना ओरडून सांगितलं आणि मी त्या निळ्या चपला उचलून पळत सुटले. का उचलल्या कोण जाणे. हातात चपला घेऊन पळणारी बाई बघून लोक बाजूला होत होते. मी प्रत्येक टपरीवर विचारत होते, लहान मुलगी बघितली का, खाकी फ्रॉक, अनवाणी? कुणी नाही म्हणे, कुणी उगाच हात दाखवी. मनात एकच चाललेलं, देवा, नोकरी जाऊ दे, मला तुरुंगात टाक, पण पोरगी धड असू दे.

द्वारकेला पोहोचले तर चौकाच्या मधोमध ट्रक आडवा उभा. भोवती ही गर्दी. माणसं वाकून खाली बघतायत. पुढे जायची हिंमत होईना आणि मागे फिरता येईना. शेवटी एका माणसाची बाही ओढली. त्यानं वळून सांगितलं, "कांदा सांडलाय बाई. नामपूरचा ट्रक आहे, चार गोण्या फुटल्या." मी मटकन दुभाजकावर बसले आणि ढसाढसा रडले. मग उठले, कारण मुलगी अजून सापडायची होती.

सकाळचा अड्डा आता मोकळा होता. एकही घमेलं नाही, एकही लुगडं नाही. पंक्चर काढायचं एक दुकान होतं, दाढी मेंदी लावून लाल केलेले चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बघत होते. आणि त्यांच्या दुकानापुढे जुन्या टायरवर, दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत बसते तशी ती बसली होती.

मी गेले आणि तिला एक ठेवून दिली. जोरात. लपवत नाही. मग तिलाच छातीशी धरलं आणि परत रडले.

"अरे मारताय कशाला लेकराला!" चाचा उठले. "तुमची आहे का? दोन-अडीच तास झाले, इथंच बसलेली आहे. पाणी दिलं, पाव दिला, खात नाही. घरी सोडतो म्हटलं तर म्हणते, हलणार नाही. मी नजर ठेवून होतो बाई, काळजी करू नका."

मुलीच्या गालावर माझी बोटं उठली होती. ती रडत नव्हती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "बाई, दूध उतू गेलं का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मी लगीच येणार व्हते," ती म्हणाली. "तुम्हाला कळायच्या आत. चपला ठेवल्या व्हत्या ना बाई, तुमची मोजणी चुकाया नको म्हणून."

गोष्ट माझीच होती. चिमूट करून मीच दाखवलं होतं, इकडं एवढुसं. चपलांची अक्कलही आमचीच. या पोरीनं दोन्हीवर विश्वास ठेवला होता, एवढाच तिचा गुन्हा. मी खाली बसून तिच्या पायाकडे बघितलं. तळवे काळे झालेले, एका टाचेला काच लागून रक्त सुकलेलं. चाचांकडून पाणी घेऊन मी पाय धुतले, रुमाल बांधला आणि चपला घातल्या.

"आई भेटली?"

"नाय. मी आले तव्हा गेल्या व्हत्या समद्या. थोडे बाप्ये व्हते. ते म्हणले, ट्रकानं गेल्या स्लॅबवर, सांजच्याला हितंच सोडतात."

तेवढ्यात आमची गाडी आली. खिडक्यांतून सदतीस तोंडं बाहेर. सर उडी मारून उतरले, मुलीला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "टाका हिला गाडीत. निघू. अंधार पडायच्या आत घाट उतरायला हवा."

मी तिचा हात धरला. ती आली नाही. ओरडली नाही, भोकाड पसरलं नाही, फक्त दुसऱ्या हातानं टायर धरून ठेवला. मी ओढलं तसा टायरही सरकला.

"बाई, ती माझीच आय व्हती."

"आणि नसली तर?" सर म्हणाले. "बाई, ऐका माझं. संध्याकाळपर्यंत बसाल आणि कुणी दुसरीच निघाली तर? पोरगी आणखी खचेल. उचला."

सरांचं चूक नव्हतं. मीही सकाळी असाच शहाणा विचार केला होता. पण माझ्यानं आता तिचा हात ओढवेना. म्हटलं, "तुम्ही मुलांना घेऊन जा. हिला घेऊन मी उद्या पहिल्या एसटीनं येते. माझं माहेर आहे इथं."

"मोठ्या सरांना काय सांगू?"

"खरं सांगा. चूक माझी आहे म्हणावं."

"सगळं?"

"चपलांसकट सगळं सांगा," मी म्हटलं.

गाडी गेली. दुपार अशी काही लांबली की विचारू नका. चाचांनी स्टूल दिलं, दोनदा चहा पाजला. मुलगी टायरवर, मी स्टुलावर. ती मधूनच विचारायची, राजपुत्र सापडला का? मी सांगायची, सापडला. राजा काय म्हणला? मी सांगायची. सिनेमा तिनं पाहिलाच नव्हता ना, सगळा मीच सांगितला, त्या हॉर्नच्या आवाजात. पण तिचे डोळे रस्त्यावर होते आणि माझेही.

पाच वाजल्यापासून गाड्या यायला लागल्या. ट्रक थांबला की ती उभी राहायची. माणसं उतरायची, पांगायची, ती बसायची. दुसरा ट्रक, एक टेम्पो, परत एक ट्रक. हिरवं लुगडं दिसलं, बाई वळली, भलतीच निघाली. तिचा चेहरा बघवेना. आता एक गोष्ट सांगते, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी मनापासून देवाला विनवत होते की हिची आई येऊ दे. आणि त्याच वेळी मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, नसावी. नसली तर सकाळी मी बरोबर होते, असं झालं असतं. इतकी मी हलकट आहे, हे मला त्या स्टुलावर बसून कळलं.

सव्वासहाच्या सुमारास एक टेम्पो आला. पाच-सहा बाया उतरल्या, डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटनं माखलेल्या. कुणाचं लुगडं कुठल्या रंगाचं, काही कळत नव्हतं. मुलगी उठलीच नाही. तिलाही ओळखू आलं नाही. उतरलेल्यांपैकी एकीनं घमेलं उचललं, चार पावलं चालली, आणि थांबली. घमेलं हातातून सुटून रस्त्यावर घरंगळत गेलं.

"आगं... तू हितं कशी?"

मग काय झालं ते सांगत नाही. सांगता येत नाही. ती बाई पोरीला नुसती चाचपून बघत होती, हात, पाय, डोकं, पाठ, आणि पोरीच्या अंगभर सिमेंट लागत होतं. चाचा तोंड फिरवून पाना शोधायला लागले.

थोड्या वेळानं तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी शाळेतली बाई आहे म्हटल्यावर तिनं पदर सावरला. संक्रांतीला का आली नाही ते सांगायला लागली, मुकादम सोडत नव्हता, शिमग्याला नक्की येणार होते. मग एकदम काहीतरी आठवून हसली.

"काय सांगू बाई, सकाळी मला हाक आली व्हती. हितंच उभी व्हते. आय, आय, अशी. गाड्यांतूनच कुठूनशी. मी म्हणलं, माझी पोर हाक मारते. ह्या समद्या हसाया लागल्या. म्हणल्या, तुला रोजच येते हाक." ती अजून हसतच होती. "तरी मी धावले चार पावलं. मंग म्हणलं, ही तिकडं शाळंत, हितं कशी येईल? भास झाला."

मुलीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिनं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"भास नव्हता," मी म्हटलं. "तीच होती. आमची गाडी इथं अडकली होती. तिनं तुम्हाला ओळखलं. मीच तिला दटावून खाली बसवलं. तोंड दाबलं म्हणा."

बाईचं हसू हळूहळू गेलं. मला वाटलं, आता ही मला बोलेल, आणि बोलावं असंच वाटत होतं. पण तिनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हिनंच तरास दिला असंल तुम्हाला. लय हट्टी हाय." माझ्या बाजूनं बोलली. त्याच्याइतकं मला आजवर काही लागलेलं नाही.

रात्री मी मुलीला तिच्या आईपाशीच ठेवली. चाचांनी त्या मजुरांचं पाल माझ्याबरोबर येऊन दाखवलं. सकाळी सहाला स्टँडवर आणून सोडा, एवढं सांगून मी माहेरी गेले. झोप कसली लागतेय. नाही आणली तर? पण साडेपाचला मी स्टँडवर गेले तेव्हा दोघी आधीच फलाटाशी उभ्या होत्या. पोरीच्या केसांना तेल, दोन घट्ट वेण्या, पायात निळ्या चपला. तांब्याची तार काढून आईनं पट्टा दोऱ्यानं शिवून दिला होता.

एसटीत तिला मी खिडकीशी बसवलं. आई खाली उभी होती. तिला परत द्वारकेला जाऊन अड्ड्यावर उभं राहायचं होतं, तरी ती निघत नव्हती. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. पोरगी सीटवर उभी राहिली. मग तिनं वळून माझ्याकडे बघितलं, ओरडू का, असं. मी तिच्या कमरेला घट्ट धरलं.

"आऽऽय! ए आय!"

सगळी गाडी वळून बघायला लागली. पुढचा म्हातारा दचकून जागा झाला. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता ओरडला, "ओ बाई, पोरीला खाली बसवा! कान फाटतील लोकांचे!"

"ओरडू द्या तिला," मी म्हटलं.